आसगावचे दोन मेश्राम

साकोलीच्या ज्या कलर लॅबमध्ये माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, तिथे मी फोटो काढत नव्हते आणि छापतही नव्हते. तरी लोक मला फोटोवाल्या बाई म्हणत. मी नेमकं काय करते हे घरातही कोणाला नीट सांगता येत नसे. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून काम्पुटरवर गाठोडे बांधते." आम्ही हसायचो. आता दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायला बसले, तर सासूबाईंपेक्षा नेमकं वर्णन मलाही सुचत नाही.

आधी हे गाठोडं म्हणजे काय ते सांगते. एका लग्नाचे फोटो म्हणजे शेकड्यांनी फायली. त्या सुट्या ठेवल्या तर कुठली कुठे जाईल नेम नाही. धान कापल्यावर बांधीत, म्हणजे शेतात, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात. त्या कोणी तशाच उचलून घरी आणत नाही, भारे बांधतो. फायलींचंही तसंच. एका लग्नाच्या सगळ्या फायली एकत्र बांधल्या, वर नाव घातलं, की झाला एक भारा. बांधायच्या पद्धती मात्र अनेक. रार, टार, झिप ही त्यांची नावं. टार नुसती बांधते, दाबायचं काम तिच्या जोडीचं दुसरं हत्यार करतं. रार आणि झिप बांधतातही आणि दाबतातही. प्रत्येकीची गाठ वेगळी, आणि एकीची गाठ दुसरीच्या हातानं सुटत नाही. गिऱ्हाइकाच्या घरच्या कॉम्प्युटरला जी गाठ सोडता येते, तिच्यात बांधून द्यावं लागतं. म्हणजे जुनी गाठ सोडायची, आतलं सगळं जसंच्या तसं बाहेर काढायचं, आणि नव्या गाठीत पुन्हा बांधायचं. एवढंच माझं काम.

दाबणं या शब्दानं मला पुष्कळ त्रास दिला. लाखांदूरकडचे एक भजनी मंडळवाले त्यांच्या बुवांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन आले होते. फाईल मोठी होती, मी म्हटलं दाबून देते. ते दोघं एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यातला वयस्क माणूस हात जोडून म्हणाला, "दाबू नका बाई. आमच्या बुवाचा आवाज पयलेच दबला हाय." मी समजावून सांगितलं की आवाजाला काही होत नाही, सोडल्यावर पहिल्यासारखाच निघतो. तरी समोर सोडून, वाजवून, शेवटचा अभंग संपेपर्यंत ऐकून मगच ते उठले.

एका वकील साहेबांचा वाद याहून पुढचा होता. त्यांच्या पक्षकाराच्या बांधाच्या भांडणाचा व्हिडिओ रारमध्ये होता, समोरच्या वकिलांकडे तो उघडत नव्हता. मी झिप करून दिला. साहेबांनी मूळ व्हिडिओचा आणि झिपचा आकडा ताडून पाहिला आणि चष्मा काढून विचारलं, पुरावा बारीक कसा झाला? साक्षीदाराचं वजन मधेच कमी झालं तर कोर्टाला मी काय सांगू? तेव्हा मी त्यांना दाखवलं की प्रत्येक फाईलचा एक अंगठा असतो. आतला एक ठिपका जरी बदलला तरी तो अंगठा बदलतो. बांधण्याआधी अंगठा घ्यायचा, सोडल्यावर पुन्हा घ्यायचा, दोन्ही जुळले की फाईल तीच. साहेब खूश झाले. "बाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," असं म्हणून गेले.

हा किस्सा मी खूप लोकांना सांगितला आहे. आज पहिल्यांदा तो सांगताना मला लाज वाटते आहे, कारण काय करायला पाहिजे हे मला माहीत होतं याचा तो पुरावा आहे.

लॅबमध्ये फोटो येत ते आजूबाजूच्या तालुक्यांतल्या फोटोग्राफरांकडून. पवनी, लाखांदूर, लाखनी, कुठून कुठून. त्यांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येत, आणि आठवड्याआड आमचा कॉम्प्युटर झोपे. मी भंडाऱ्याला कोर्स केला तेव्हा तिथल्या सरांनी लिनक्स शिकवलं होतं, त्याला हे व्हायरस सहसा लागत नाहीत. ते मी लॅबच्या एका जुन्या मशीनवर चढवलं. लॅबचे मालक, आमचे सेठ, यांनी पहिल्यांदा काळा पडदा आणि त्यावर पळणारी पांढरी अक्षरं पाहिली तेव्हा ते ओरडलेच, की बाई, हे काय बिघडवून ठेवलं. महिन्याभरात तेच सेठ गिऱ्हाइकाला बोलावून पडदा दाखवू लागले. "आमची बाई माऊस नाही वापरत. डायरेक्ट मशीनसोबत बोलते."

मशीनशी बोलणं म्हणजे शेल स्क्रिप्ट. रोजची तीच तीच कामं हातानं करण्याऐवजी एकदा ओळीनं लिहून ठेवायची. हे गाठोडं उचल, सोड, नव्या गाठीत बांध, गाठ पक्की आहे का ओढून बघ, पक्की असेल तर जुनं पुसून टाक, पुढचं घे. मग मशीन न कंटाळता करत बसतं. ते तुमच्या मनातलं ओळखत नाही. जे लिहिलं तेवढंच करतं, पण ते अगदी इमानदारीनं करतं. मी स्वभावानं कमी बोलणारी. माणसांत मला दोन वाक्यं जुळवायला वेळ लागतो. त्या काळ्या पडद्यावर मात्र माझं बोलणं कधी अडलं नाही. माझ्या स्क्रिप्टवर माझा जीव होता, हे कबूल करते.

आता मनोहरभाऊंबद्दल सांगायला हवं. दिघोरीचे फोटोग्राफर. आमच्या लॅबचे सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत नेटके. दुसरे फोटोग्राफर कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खिशात सुट्या पैशांत टाकून आणत, मनोहरभाऊ रुमालात बांधून आणत. प्रत्येक लग्नाला कॅमेऱ्यातले आकडे पुन्हा एकपासून सुरू करत, म्हणजे फोटो मोजायला सोपे. आणि भाऱ्यावर नाव घालायची आमच्याकडची रीत म्हणजे मुलीकडच्यांचं आडनाव आणि गाव. कारण लग्न मुलीच्या दारात होतं आणि फोटोग्राफर तिकडूनच ठरतो. दिघोरीचे फुंडे, एकोडीचे कापगते, आसगावचे मेश्राम. पार्टीची ओळख तीच.

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट. लग्नं उन्हाळ्यात होतात, पण अल्बम कोणी लगेच नेत नाही. धान निघाल्यावर बघू म्हणतात. धान निघालं की घराचं काही निघतं, मग पुढच्या धानावर जातं. दोन दोन, तीन तीन वर्षं फोटो आमच्याकडेच पडून राहत. म्हणून लॅब सगळी लग्नं बांधून ठेवत असे. माझ्या आधीचा ऑपरेटर रारमध्ये बांधायचा. मी आल्यावर टारमध्ये बांधू लागले. लोकांच्या हातात मोबाईल आले तेव्हा पार्ट्या फोटो मोबाईलवर मागू लागल्या, आणि मोबाईलला झिप लगेच उघडता येत होती. सेठ म्हणाले, बाई, सगळं एका जातीचं करून टाका.

मी स्क्रिप्ट लिहिली. आधी सगळ्या रार घ्यायच्या आणि त्यांच्या झिप करायच्या. त्या संपल्या की सगळ्या टार घ्यायच्या, त्यांच्याही झिप करायच्या. नाव तेच ठेवायचं, फक्त नावाच्या शेवटी लागणारं रार किंवा टार हे शेपूट बदलायचं. दोन दिवस मशीन चाललं. संपल्यावर प्रत्येक नवी गाठ ओढून पाहिली, सगळ्या पक्क्या. डिस्कवर जागा कमी होती, म्हणून जुनी गाठोडी पुसायची ओळ स्क्रिप्टमध्ये मीच घातली होती. ती पुसली गेली.

भाऱ्यांची गिनती केली, तर एक कमी आला.

मला वाटलं, एकच लग्न दोन ठिकाणी ठेवलं असेल. असं आमच्याकडे होतही असे. अंगठे घेतले नव्हते, कारण एवढ्या फायलींचे अंगठे घ्यायला मशीनला आणखी वेळ लागला असता, आणि माझ्या स्क्रिप्टवर माझा विश्वास होता. मी सेठना सांगितलं, झालं सगळं. सेठनी आलूबोंडे मागवले.

आसगावात मेश्राम पुष्कळ. त्यातल्या दोन घरांत एकाच उन्हाळ्यात लग्नं झाली होती. दोन्ही मनोहरभाऊंनी काढली. पहिलं लग्न जुन्या ऑपरेटरनं रारमध्ये बांधलं, आणि दुसरं येईपर्यंत त्या खुर्चीवर मी आले होते, मी टारमध्ये बांधलं. दोघांचं नाव एकच, आसगाव मेश्राम. शेपटं वेगळी होती म्हणून ती दोन होती. शेपूट बदललं आणि ती एक झाली. झिपची सवय अशी, की त्या नावाचा भारा आधीच बांधलेला असेल तर ती नवा बांधत नाही. तोच सोडते आणि त्यात भर घालते. आत त्याच नावाची फाईल असेल तर जुनी काढून नवी ठेवते. मनोहरभाऊंचे आकडे दोन्ही लग्नांत एकपासून. त्यामुळे दुसऱ्या लग्नाचा पहिला फोटो पहिल्या लग्नाच्या पहिल्या फोटोच्या जागी बसला. दुसरा दुसऱ्याच्या. हळद, वरात, मंगलाष्टकं, सगळं असंच एकेक करून बसत गेलं. दुसऱ्या लग्नाचे फोटो जिथे संपले, तिथून पुढचे पहिल्याचे तेवढे राहिले. त्या लग्नाची शेपटी तेवढी.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं ते वनिता काउंटरवर येऊन उभी राहिली त्या दिवशी.

वनिता म्हणजे पहिल्या मेश्रामांची मुलगी. एकोडीत दिलेली. बारीक अंगाची, हातात कापडी पिशवी. वडील पवनीच्या एका राईस मिलमध्ये हमाल होते, ते अचानक गेले होते. ती म्हणाली, "बाबा गेले जी. तेरवीले लावाले फोटो पाह्यजे. माह्या लग्नाचे तुमच्याचइथं हायेत ना?" मी हो म्हटलं. घरी एकही फोटो नाही का विचारलं, तर तिनं पिशवीतून आधार कार्ड काढलं. त्यावर नुसता काळा डाग होता आणि त्याला कान होते. तिनं सांगितलं की बापानं आयुष्यात फोटो काढून घेतला तो तिच्या लग्नात. नवा सदरा होता म्हणून स्वतःहून उभा राहिला होता, तिच्या बाजूला.

मी झिप उघडली. पडदा माझ्याकडे तोंड करून होता, तिला दिसत नव्हता. नवरी दुसरीच होती. मी पुढे पुढे गेले. नवरी दुसरीच, नवरदेव दुसराच, मांडव दुसरा. मग एकाएकी मांडवाचं कापड बदललं, माणसं बदलली, मुलगी गाडीत बसून गेलेली आणि मागे राहिलेले लोक पसारा आवरत असलेले. मला एका क्षणात सगळं कळलं. एक कमी आलेला भारा कुठला, ते.

त्या वेळी मला काय वाटलं ते खरं लिहायचं म्हणजे, पहिल्यांदा त्या मुलीचं वाईट नाही वाटलं. पहिल्यांदा वाटलं की सेठ बाजूच्या टेबलावर बसलेत आणि ऐकून राहिलेत. नोकरी गेली नसती. सेठ तसे नव्हते. पण बाईचं काम पक्कं, हे जे त्या लॅबमध्ये माझं होतं, ते जाणार होतं.

मी म्हटलं, "मनोहरभाऊंचं कार्ड खराब निघालं होतं. तुमचे फोटो आमच्याकडे आलेच नाहीत."

वनितानं पुन्हा विचारलं, एकबी नाही? मी म्हटलं, एकही नाही. तिनं पिशवी उघडली. मग आधार कार्ड पिशवीत ठेवलं आणि बरं जी म्हणून गेली.

त्या उरलेल्या शेपटीत तिचे वडील होते. ती गेल्यावर मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. नवा सदरा, आधार कार्डावरचे ते कान. काही फोटोंत पाठमोरे, एकात समोरून, स्पष्ट. मी ते तिला देऊ शकले असते. पण दिले असते तर कार्ड खराब नव्हतं हे उघड झालं असतं. एक खोटं बोलले आणि त्या खोट्यानं माझ्या हातातला खरा फोटो पण धरून ठेवला. मी ते फोटो वेगळे बांधले, भलतंच नाव दिलं, आणि ठेवले. लॅबचे कॉम्प्युटर बदलले, डिस्क बदलल्या. प्रत्येक वेळी पहिल्यांदा तेवढा भारा इकडून तिकडे नेला. अंगठा घेऊन, जुळवून.

मनोहरभाऊ पुढच्या खेपेला आले तेव्हा सेठनी त्यांना विचारलं. भाऊ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, मी तुमच्या लॅबले कार्ड दिलं होतं ना?" मी म्हटलं, दिलं होतं भाऊ, पण त्यात काही नव्हतं. आधीच्या ऑपरेटरला तसं दिसलं होतं म्हणे. त्यांनी वाद घातला नाही. मशीनमधलं मला कळतं, एवढं त्यांच्यासाठी पुरे होतं. ते स्वतः आसगावला गेले, वनिताच्या आईसमोर हात जोडले. आधार कार्डावरून मोठा फोटो करून दिला, तेरवीला तोच लावला. त्याच्याकडे पाहून माणूस ओळखू येत नव्हता असं कोणीतरी लॅबमध्ये येऊन सांगितलं. मी तेव्हा मान खाली घालून स्क्रिप्ट लिहून राहिले होते.

त्यानंतर मनोहरभाऊंना एक सवय लागली. लग्नात दर थोड्या वेळानं कॅमेरा उलटा करून घरच्या माणसाला मागचा पडदा दाखवायचे. "पाहून घ्या. आला ना? हाय ना यात?" लोक थट्टा करत, मनोहरभाऊ फोटो काढते कमी अन दाखवते जास्त. लॅबमध्ये कार्ड दिल्यावर माझ्या मागे उभे राहून सगळे फोटो उतरेपर्यंत हलत नसत. दुसरे ऑपरेटर वैतागत. मी कधी वैतागले नाही. आसगावात त्यांना पुन्हा कोणी लग्नाला बोलावलं नाही. दोन्ही मेश्रामांच्या सोयऱ्यांत ती गोष्ट पसरली होती.

मला कोणी विचारेल, की बाई, इतकी वर्षं गप्प कशा राहिल्या. त्याचं उत्तर सोपं आहे आणि वाईट आहे. गप्प राहणं मला येतं. पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागतं. ते ओझं वाढतच जातं, आणि रोज सकाळी लॅबचं शटर वर करताना वाटतं, आज नको.

मागच्या वर्षी लॅब बंद झाली. फोटो आता कोणी छापत नाही, मोबाईलमध्येच राहतात. सेठनी जुन्या फोटोग्राफरांना चहा-नाश्त्याला बोलावलं. प्रत्येकाला दोन शब्द बोलायला लावलं. बाकीच्यांनी गमती सांगितल्या. मनोहरभाऊ उभे राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. ते म्हणाले की मी खूप लग्नं काढली, लोकांनी मान दिला, तक्रार काही नाही. पण आसगावच्या एका पोरीच्या बापाचा आयुष्यातला एकच फोटो माझ्या हातानं गेला, आणि आता माझे डोळे गेले तरी तो फोटो तेवढा दिसत राहते. एवढं बोलून बसले.  कोणीतरी जिलेबीचं ताट पुढे केलं.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. पायऱ्यांवर उभे राहून ते न्यायला येणाऱ्या जावयाची वाट पाहत होते. मी सगळं सांगितलं. कसं झालं ते, स्क्रिप्ट, एकाच नावाचे दोन भारे, आणि मी काय बोलले ते. माझ्या आयुष्यात मी इतकं लांबलचक कधी बोलले नव्हते. झिपचं त्यांना कितपत कळलं माहीत नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माह्यं कार्ड भरलं होतं तं?"

मी म्हटलं, भरलेलं होतं भाऊ.

"मले वाटलं, मीच चुकीनं पुसलं. घरी जाऊन किती खेपा आठवून पाह्यलं, कोणत्या बटनावर हात पडला म्हून." ते खाली पायरीवर बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, तुमच्यावर मी मशीनइतका विश्वास ठेवला."

  मग त्यांनी विचारलं, त्यातला एखादा फोटो राहिला का? मी म्हटलं, शेवटचे आहेत. त्यात तो माणूस आहे, चांगला दिसतो.

ते एकदम उठले. "मंग मले कायले सांगून राहिली? तिले सांग ना."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अगं-तुगं केलं.

दुसऱ्या दिवशी मी फोटो छापून घेतले, भंडाऱ्याहून, कारण आमचं मशीन विकलं गेलं होतं. मनोहरभाऊंना आता गाडी चालवायला मनाई आहे, त्यांच्या जावयानं आम्हाला एकोडीला सोडलं. भाऊ म्हणाले, मी आत येत नाही, तुमचं तुम्ही पाहा. ते तळ्याच्या पाळीवर थांबले.

वनिता अंगणात होती. धानाचे भारे रचून केलेली पुंजणं झाकून ठेवायची गडबड चालली होती, ढग आले होते. तिनं मला ओळखलं नाही. लॅबचं नाव सांगितल्यावर ओळखलं, बसायला दिलं, पाणी आणलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगायला सुरुवात केली. अर्ध्यात तिचा चेहरा बदलला. तिला स्क्रिप्ट, झिप यातलं काही नको होतं. तिनं मला मधेच थांबवलं आणि विचारलं, "म्हंजे मी आली तवा तुमच्याजवळ फोटो होता?"

मी हो म्हटलं.

"पडद्यावर होता? मी समोर उभी होती तवा?"

मी हो म्हटलं.

ती आत निघून गेली. तिची सासू दारात येऊन मला पाहून गेली. मला वाटलं, पाकीट खाटेवर ठेवून उठावं. पण तेवढं करून निघून जाणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. मी बसून राहिले. थोड्या वेळानं ती बाहेर आली, डोळे धुतलेले. माझ्याकडे न पाहता पाकीट उघडलं. पहिला फोटो पाठमोरा, खुर्च्या एकात एक घालत असलेला माणूस. तो तिनं मांडीवर ठेवला. दुसरा, तिसरा. मग समोरून असलेला आला. रिकाम्या मांडवात जमिनीवर बसलेला माणूस, नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या, पुढे पत्रावळ, हात भातात, आणि मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहून थोडंसं हसलेला.

वनिता त्या फोटोकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, मला नाही, कोणालाच नाही, "जेवला तं मंग बुढा."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं, पण फोटोवरून नजर काढली नाही. "गाडीत बसताना मी इचारलं, बाबा जेवले का. हो हो, जेवलो म्हणे. मले मालूम होतं खोटं बोलून राहिला म्हून. सकाळपासून पाण्याचे डरम भरत होता. पाहुण्यायले वाढत होता. तसाच उपाशी झोपला असल, हेच माह्या डोक्यात. इतके वर्सं."

तिनं मला विचारलं, हा कोणी काढला. मी म्हटलं, मनोहरभाऊंनी. ते तळ्यावर उभे आहेत. आत यायला तयार नाहीत. तिनं सासूला चहा ठेवायला सांगितलं आणि पायात चप्पल न घालताच गेली. मी अंगणात बसून पाहत होते. पाळीवर ती त्यांच्याशी काहीतरी बोलली, भाऊंनी नकारार्थी हात हलवला, मग ती त्यांच्या हाताला धरून घेऊन आली. त्यांना खाटेवर बसवलं. फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी काळा चष्मा काढला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "भाऊ, तुमी तिथंच होते ना? पोटभर जेवला का तो?"

मनोहरभाऊंनी फोटो पुन्हा लांब धरला.

"बाजूलेच बसलो होतो मी," ते म्हणाले. "दोन डाव भात मांगला त्यानं. बुंदी वाढाले पोरगं आलं तं पानावर हातबी नाही धरला."

वनितानं मान हलवली. तिनं पदरानं तो फोटो पुसला आणि बाकीच्यांच्या वर ठेवला. चहा आला. मलाही दिला. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही, आणि ती बोलावी असं मी मनातही आणलं नाही.

हजारो लग्नांतलं ते एक लग्न मनोहरभाऊंना खरंच एवढं आठवत होतं का, हे परतताना मी विचारलं नाही.